कमी पाण्यात फळ धरणारा टोमॅटो: गच्चीवर स्वतःचं वाण कसं तयार करावं

दुष्काळ सोसणारा टोमॅटो म्हटलं की नवख्या माणसाच्या डोळ्यांपुढे पाणी तोडल्यावरही हिरवंगार उभं असलेलं झाड येतं. असं झाड बहुतेक वेळा नुसतं लहान असतं. पानं कमी म्हणून पाणी कमी ओढतं, आणि म्हणून त्याची माती उशिरा सुकते, एवढंच. शेजारचं दांडगं झाड दुपारी माना टाकतं आणि तरीही फळं त्यालाच जास्त लागतात. आपल्याला हवं ते ताणात फळ धरणारं झाड. खाली सांगितलेलं बादल्या तोलणं, तुलनेची झाडं ठेवणं, पिढ्या मोजणं हे सगळं या दोन झाडांतला फरक ओळखण्यासाठीच आहे.

आधी हंगाम जुळवा

ठाणे–नवी मुंबईत वर्षाला साधारण २५०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. या चार महिन्यांत उघड्यावर ताण देता येत नाही. मार्चच्या मध्यानंतर रात्री उकडायला लागतं. रात्रीचं तापमान २१–२२ अंशांच्या वर राहिलं की टोमॅटोची फळधारणा कमी होते आणि दिवसाचा पारा ३५ च्या पुढे गेला की फूलगळ ठरलेली. त्या दिवसांत फळ धरलं नाही तर दोष पाण्याचा की उकाड्याचा, हे कोणालाच सांगता येणार नाही. म्हणून चाचणीची खिडकी एकच: डिसेंबर ते फेब्रुवारी.

त्यावरून वर्षाचं गणित असं बसतं. पहिल्या वर्षी सप्टेंबरअखेर दोन्ही वाणांची (म्हणजे आईबापांची) रोपं टाका, डिसेंबरात संकर करा, फेब्रुवारीत बी काढा. जुलैत त्या बियाण्याची, म्हणजे एफ-१ पिढीची, दोन-तीनच झाडं बाल्कनीत किंवा पत्र्याच्या आडोशाला वाढवा. त्यांना ताण द्यायचा नाही, फक्त बी हवंय. ऑक्टोबरात त्यांची फळं पिकली की लगेच एफ-२ ची रोपं टाका. यापुढे दर हिवाळ्यात निवड आणि दर पावसाळ्यात नुसती पिढी पुढे ढकलणं, असं चालतं. पावसाळी पिढीत निवड करण्याचा मोह होतो, पण दमट हवेत आणि ढगाळ उजेडात चांगलं दिसलेलं झाड जानेवारीच्या ताणात चांगलं ठरेलच असं नाही.

आईबाप निवडणं

सरळ वाण घ्या, म्हणजे संकरित नसलेलं, ज्याचं बी पेरलं की तसंच झाड येतं असं. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी अनुसंधान संस्थेचा अर्का विकास हा ओलाव्याचा ताण सोसणारा म्हणून ओळखला जातो आणि त्याच संस्थेचा अर्का मेघाली कोरडवाहू लागवडीसाठी आहे. यातला एक बाप धरला तर आई म्हणून तुमच्या घरच्यांना चवीला आवडणारं, इथल्या हवेत टिकणारं कोणतंही सरळ वाण चालेल.

बाजारातल्या टोमॅटोचं बी मात्र समजून वापरा. वाशीच्या बाजार समितीतून किंवा जांभळी नाक्यावरून आणलेला टोमॅटो बहुतेक वेळा संकरित वाणाचा असतो. त्याचं बी पेरलं की एफ-२ पिढी निघते: प्रत्येक झाड वेगळं. लोक म्हणतात बी फसलं. खरं तर ते फुटलेलं असतं, म्हणजे आजा-आजीचे गुण वेगवेगळ्या झाडांत विखुरलेले असतात, आणि आपल्या कामाला असं फुटणंच हवं असतं. फुलांवर हात चालत नसेल त्याने इथूनच सुरुवात करावी. अडचण एवढीच की अशा वाणांची निवड भरपूर पाणी आणि खतावर झालेली असते, त्यामुळे ताणाचे गुण त्यांत असतीलच याची खात्री नाही.

रानटी नातेवाइकांचं आकर्षण सगळ्यांनाच असतं. पेरूच्या कोरड्या पश्चिम उतारावरचा सोलॅनम पेनेली आणि अटाकामा वाळवंटाच्या कडेचा सोलॅनम चिलेन्से हे खरे दुष्काळवीर. १९९० च्या दशकात इस्रायलमध्ये एशेद आणि झामीर यांनी पेनेलीच्या गुणसूत्रांचे तुकडे लागवडीच्या टोमॅटोत एकेक करून बसवले, त्यांवर आजही संशोधन चालतं. पण गच्चीवर हे काम झेपणारं नाही. चिलेन्सेच्या संकरात बियातला गर्भ मरतो, तो प्रयोगशाळेत वाचवावा लागतो. शिवाय परदेशातून पाकिटात बी मागवणं २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशाप्रमाणे परवाना आणि रोगमुक्ततेच्या दाखल्याशिवाय बेकायदा आहे. रानटी हवाच असेल तर करंट टोमॅटो, म्हणजे सोलॅनम पिंपिनेलिफोलियम घ्या. मटाराएवढी लाल फळं असतात, लागवडीच्या टोमॅटोशी दोन्ही बाजूंनी सहज जुळतो आणि बी देशातल्या हौशी विक्रेत्यांकडे मिळतं. तयारी एकच ठेवा: फळाचं वजन मध्यावर येत नाही, ते लहानाकडे झुकतं. ८० ग्रॅमची आई आणि १ ग्रॅमचा बाप असेल तर एफ-१ चं फळ ९–१० ग्रॅमच्या आसपास भरतं. म्हणून एफ-१ चा पुन्हा मोठ्या फळाच्या आईशी एकदा संकर करून मगच पुढे जा. एक वर्ष वाढतं.

आई निवडताना एक सोय साधून घ्या. तिच्यात झाकला जाणारा एखादा ठळक गुण असू द्या: बटाट्यासारखी अखंड कडांची पानं, पिवळं फळ किंवा ठरावीक उंचीला थांबणारी वाढ. बाप नेहमीच्या पानांचा, लाल फळाचा आणि वाढत राहणारा. मग एफ-१ च्या रोपाला दातेरी कडांची नेहमीची पानं आली की संकर लागला. बटाट्याची आली तर फुलात स्वतःचाच पराग पडला होता. पानांवरून हा निकाल रोपवाटिकेतच लागतो, सहा महिने फुकट जात नाहीत.

संकर करणं

टोमॅटोच्या फुलात नर-मादी एकत्र असतात. पुंकेसर एकमेकांना चिकटून पिवळा शंकू बनवतात आणि त्याच्या आत मादीची दांडी लपलेली असते. फूल उमललं की पराग आतल्या आत पडून काम झालेलं असतं, म्हणून कळी उमलण्याच्या आदल्या दिवशीच गाठावी लागते.

योग्य कळी अशी ओळखा: हिरवी निदलं नुकती एकमेकांपासून सुटू लागलेली, पाकळ्या बाहेर डोकावताहेत पण रंग अजून फिकट, पिवळट हिरवा. शंकू गर्द पिवळा झाला असेल तर उशीर झाला. संध्याकाळी चार-साडेचारनंतर बसा. बारीक टोकाचा चिमटा स्पिरिटने पुसून घ्या. कळी डाव्या हाताच्या दोन बोटांत धरा, चिमट्याचं एकच टोक शंकूच्या बुडाशी बाजूने घुसवा आणि शंकू उभा फाडा. मग दोन-तीन तुकड्यांत तो बाहेरच्या बाजूला ओढून घ्या. पाकळ्याही सोबत आल्या तरी चालतं. मध्ये हिरव्या मण्यासारखं बीजकोष आणि त्यावर टाचणीसारखी दांडी तेवढी उरली पाहिजे. दांडी वाकली किंवा मण्यावर ओरखडा आला तर ती कळी सोडून द्या, चार दिवसांत गळते. पहिल्या दिवशी दहातल्या सहा-सात कळ्या जातात, घाबरू नका. जालना–देऊळगाव राजा पट्ट्यातल्या शेडनेटमध्ये बीजोत्पादनासाठी हेच काम बायका दिवसाला शेकडो कळ्यांवर करतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान, दव सुकल्यावर, बापाच्या पूर्ण उमललेल्या फुलाखाली काळा कागद धरा आणि फुलाच्या देठाला बॅटरीवरच्या टूथब्रशची पाठ टेकवा. पिवळी पूड पडते. हवा फार दमट असेल तर पराग गोळा होऊन पडतच नाही. अशा वेळी फुलं काढून चहाच्या गाळणीत दोन तास सावलीत पंख्याखाली ठेवा, मग टिचकी मारा. बोटाच्या टोकावर किंवा कागदाच्या कडेवर पराग घेऊन आईच्या दांडीचं टोक त्यात बुडवा. टोक पिवळं दिसलं पाहिजे. दुसऱ्या सकाळी पुन्हा एकदा लावलं तर फळधारणा वाढते.

खूण म्हणून त्या फुलाची दोन निदलं कात्रीने कापा. दोरा सुटतो, चिठ्ठी उडते, पण कापलेली निदलं फळ पिकेपर्यंत तशीच राहतात. त्याच घोसातल्या बाकीच्या कळ्या खुडून टाका. आठवड्यात मणी फुगायला लागतो आणि पुढे ४५ ते ६० दिवसांत फळ पिकतं. दोन-तीन फळं लागली तरी पुरे. एका फळात पन्नास-शंभर बिया सहज निघतात.

बादल्या आणि वजन

ताणाची चाचणी अंदाजे पाणी कमी करून होत नाही. १० लिटरच्या रंगाच्या रिकाम्या बादल्या गोळा करा. दांडीमुळे त्या टांगून तोलता येतात, म्हणून ग्रो बॅगपेक्षा बऱ्या. बुडाला सहा भोकं पाडा. दोन भाग चाळलेली लाल माती, एक भाग कोकोपीट, एक भाग गांडूळखत असं मिश्रण एकाच दिवशी, एकाच ढिगातून, कोरडं करून भरा आणि प्रत्येक बादली तोलून सारख्या वजनाची करा.

मग पाणी भोकांतून गळेपर्यंत भिजवा, २४ तास निथळू द्या आणि पुन्हा तोला. हा झाला वाफसा. समजा कोरडी बादली ७.५ किलो आणि वाफशावर ११ किलो भरली. म्हणजे मिश्रणाने ३.५ लिटर पाणी धरलं. ताण द्यायचाय ४० टक्क्यांचा, तर ३.५ चे ४० टक्के म्हणजे १.४. अर्थात ७.५ अधिक १.४, म्हणजे ८.९ किलो. ताणाच्या काळात रोज सकाळी बादली टांगून पाहायची आणि ८.९ भरेपर्यंत पाणी घालायचं. सामान तोलायचा हुकाचा डिजिटल काटा यासाठी पुरतो. झाडाचं स्वतःचं वजनही वाढत जातं, म्हणून दोन जादा झाडं ठेवा. ताण सुरू करताना एक आणि दहा दिवसांनी दुसरं उपटून तोला आणि तेवढं वजन सगळीकडे धरा.

रोज किती पाणी घातलं ते वहीत लिहा. शेवटी फळांचं वजन भागिले एकूण लिटर केलं की एका लिटरमागे किती ग्रॅम टोमॅटो मिळाला ते कळतं. नुसत्या डोळ्यांनी केलेल्या निवडीपेक्षा हा आकडा कितीतरी प्रामाणिक असतो.

ताण द्यायची वेळ: पहिल्या घोसातलं पहिलं फूल उमललं की. तोवर सगळ्यांना वाफशावर ठेवा. तिथून तीन आठवडे ताण आणि नंतर पुन्हा नेहमीचं पाणी. फूल आणि फळधारणा हीच टोमॅटोची सर्वांत नाजूक अवस्था. त्याआधी ताण दिला तर तुम्ही फक्त बुटकी झाडं निवडाल.

बादलीतल्या चाचणीची एक मर्यादा ध्यानात ठेवा. खोल मूळ हा शेतातल्या दुष्काळात मोठा गुण असतो, पण फूटभर खोलीच्या बादलीत तो दिसणारच नाही. ज्यांना मुळंही पाहायचीत त्यांनी शेवटच्या चार-पाच ओळी (निवडीत उरलेले वंश) १६० मिलिमीटर व्यासाच्या, अडीच-तीन फूट उंचीच्या पीव्हीसी पाइपात लावाव्यात. पाइप आधी उभा चिरून तारेने बांधलेला असला की शेवटी उघडून माती धुता येते.

जागेचं म्हणाल तर ४५ बादल्या वाफशावर जवळजवळ ५०० किलो होतात. त्या गच्चीच्या मधोमध न ठेवता तुळयांच्या रेषेवर, कठड्यालगत, विटांवर ठेवा आणि सोसायटीच्या समितीला आधी सांगा. वॉटरप्रूफिंग गळलं की सगळं खापर टोमॅटोवर फुटतं. टाकीच्या सावलीतली बादली आणि तापलेल्या कठड्याजवळची बादली सारखी नसते, म्हणून दर आठवड्याला चिठ्ठ्या टाकून जागा बदला.

एफ-२: आधी ट्रे, मग बादली

ताण सोसण्याचा गुण एका जनुकावर नसतो. तीनच जनुकं दोन्ही बाजूंनी हवी तशी जुळायला ६४ झाडांत एक असं प्रमाण पडतं, आणि इथे जनुकं तीनपेक्षा खूप जास्त. म्हणून सुरुवातीचा आकडा मोठा हवा. ९८ खणांचे दोन प्रो-ट्रे लावा. चार खरी पानं आली की पाणी बंद करा आणि चारातली तीन रोपं मान टाकेपर्यंत थांबा. मग ट्रे परातीत ठेवून खालून भिजवा. वरून पाणी घालू नका: कडक सुकलेलं कोकोपीट पाणी झटकून टाकतं, आणि मग जी रोपं मेली ती ताणाने की तुमच्या झारीने, ते कळत नाही. दोन दिवसांत जी उभी राहतात त्यांतली ३६ निवडा. ट्रेच्या कडेचे खण आधी सुकतात, तिथल्या रोपांवर अन्याय होतो. त्यामुळे कडेची ओळ तुलनेतून वगळा.

ही चाळणी जाड भोकांची आहे हे विसरू नका. रोप जगलं म्हणजे झाड फळेल असं नाही. अगदी दुबळी तेवढी यातून गळतात.

३६ बादल्यांसोबत आई, बाप आणि एखादं नेहमीचं वाण यांच्या प्रत्येकी तीन बादल्या मध्ये मध्ये पेरून ठेवा. ही तुलनेची झाडं नसतील तर सगळी वही व्यर्थ. तीन आठवडे रोज सकाळी सातला ० ते ५ गुण द्या: ० म्हणजे ताठ, ५ म्हणजे सगळी पानं लोंबलेली. दुपारी गुण देऊ नका. दुपारी मान टाकून संध्याकाळी सावरणारं झाड पाणी वाचवत असतं; सकाळीही न सावरलेलं झाड हरलेलं असतं. ताणाच्या काळात उमललेल्या फुलांपैकी किती टिकली ते घोसागणिक मोजा. निवडीत याला सर्वांत जास्त वजन द्या, गुणांना त्याखालोखाल.

आणि इथे हात सैल ठेवा. एकेका झाडाचं उत्पन्न नशिबावर फार अवलंबून असतं. बादली कोपऱ्यात होती, एक अळी लागली, एवढ्यानेही आकडा फिरतो. एफ-२ मधून एकच विजेता न काढता आठ-नऊ झाडं ठेवा. पावसाळ्यात प्रत्येकाची चार-पाच एफ-३ झाडं लहान कुंड्यांत आडोशाला वाढवा, प्रत्येकाचं एक फळ घेऊन बी एकत्र करा. पुढच्या हिवाळ्यात ही आठ-नऊ कुटुंबं, प्रत्येकी पाच बादल्या, अशी समोरासमोर लावा आणि कुटुंबाची सरासरी पाहा. खरी निवड इथे होते. पाचही झाडांनी ताणात फळ धरलं तर तो गुण बियाण्यात आहे. एकानेच धरलं तर बहुधा बादली चांगली होती.

एफ-२ मध्ये वेगळेपणाची, म्हणजे एखाद्या जनुकाच्या आईकडून आणि बापाकडून आलेल्या दोन प्रती वेगळ्या असण्याची, शक्यता निम्मी असते आणि दर पिढीला ती निम्म्याने घटते: २५, १२.५, ६.२५ टक्के. एफ-६ ला वाण पुरेसं स्थिर होतं. दर वर्षी दोन पिढ्या साधल्या तर एफ-२ पासून दोन वर्षांत तिथवर पोचता येतं.

फसवणारी लक्षणं

कोकणपट्टीतली सर्वांत मोठी फसगत म्हणजे जिवाणूजन्य मर. झाड हिरवं असतानाच अचानक लोंबतं, अगदी ताणासारखं. माती ओली असूनही झाड लोंबलं तर संशय घ्या. बुंध्याजवळचा दोन इंचांचा तुकडा कापा आणि काचेच्या पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात टोक बुडेल असा स्थिर टांगा. पाच मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधाळ धागे खाली उतरताना दिसले तर ती मर. बादली मातीसकट बाद करा, ती माती पुन्हा टोमॅटो, वांगं, मिरचीला वापरू नका, चिमटे-कात्री स्पिरिटने पुसा.

फळाच्या बुडाला काळा, चामड्यासारखा डाग पडतो तो रोगाने नव्हे. पाणी तुटक मिळालं की कॅल्शियम फळाच्या टोकापर्यंत पोचत नाही, त्याचा तो परिणाम. लांबट फळांना हा त्रास जास्त, चेरीला क्वचित. ताणात कोणत्या कुटुंबाला हे डाग कमी पडतात, हीसुद्धा नोंद करण्याजोगी गोष्ट आहे.

पानांच्या कडा करपल्या तर खत आणि पाणी तपासा. कमी पाण्यात क्षार साचतात. खाडीलगतच्या भागात बोअरचं पाणी मचूळ लागत असेल तर चाचणीला ते वापरू नका. नाही तर तुम्ही ताण दोन दिलेले असतात आणि वहीत एकच लिहिलेला असतो. ताण सुरू करण्याच्या आदल्या आठवड्यात नळाच्या पाण्याने बादल्या एकदा धुऊन घ्या आणि ताणाच्या तीन आठवड्यांत खत देऊ नका. सुकलेल्या झाडांवर लाल कोळी झपाट्याने वाढतो. पानांखाली बारीक जाळी दिसली की पाण्याचा फवारा खालून मारा, पण बादली झाकून. पांढऱ्या माशीने पानं आक्रसली तर ते झाड निवडीतून बाद, कितीही फळलेलं असलं तरी.

बी काढणं आणि ठेवणं

निवडायच्या झाडावर फुलं उमलण्याआधीच घोसाला जाळीदार ऑर्गान्झाची पिशवी बांधा. करंट टोमॅटोच्या संकरात मादीचं टोक शंकूबाहेर येतं आणि भुंगे बाहेरचा पराग आणतात.

पूर्ण पिकलेलं फळ कापून बिया रसासकट वाटीत घ्या. इथल्या उबेत २४ ते ३६ तास पुरतात. पुस्तकातले तीन दिवस धरले तर बिया वाटीतच मोड काढतात. वर पांढरी साय आली की धुवा, तरंगणाऱ्या फेका, खाली बसलेल्या चिनीमातीच्या बशीवर सावलीत वाळवा. कागदावर चिकटतात. बी वाकवल्यावर मोडलं पाहिजे, वळता कामा नये. पाकिटावर आई, बाप, पिढी, झाड क्रमांक आणि वर्ष शिसपेन्सिलने लिहा. बॉलपेनची शाई पावसाळी दमटपणात पसरते. पाकिटं सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या बरणीत, बरणी फ्रिजमध्ये. ती बाहेर काढली की खोलीच्या तापमानाला येईपर्यंत झाकण उघडू नका, नाही तर बियांवर पाणी सुटतं.